साहेबांना आवडलेला शब्द

आपला शब्द साहेबांच्या तोंडून ऐकला तेव्हा सुकुमारला आधी आनंदच झाला. साहेब निकालपत्र वाचत होते. थकलेल्या, एकसुरी आवाजात, चष्मा नाकावर खाली घेऊन. पंख्याची दोरी कुरकुरत होती, बाहेर व्हरांड्यात कुणीतरी सारखं खोकत होतं, आणि इंग्रजी वाक्यांच्या त्या लांबलचक माळेतून अचानक तो शब्द वर आला. अँबस्केड. साहेबांनी तो सावकाश उच्चारला, शेवटी किंचित रेंगाळत, आणि सुकुमारला वाटलं, बी.ए. झालो तेव्हासुद्धा इतकं बरं वाटलं नव्हतं. साताऱ्याच्या या खास कोर्टात सुकुमार मगदूम दुभाषा होता. बेचाळीसच्या धामधुमीनंतर असले खटले झटपट उरकायला सरकारनं हे कोर्ट बसवलं होतं; मराठीतून जबान्या लिहून घ्यायला इथं सवड नव्हती. साक्षीदार बोलायचा, सुकुमार त्याचं इंग्रजी करून सांगायचा आणि साहेब त्यातलं हवं तेवढं आपल्या हातानं टिपून घ्यायचे. साहेबांना पुस्तकातलं मराठी येत होतं, पण वाळव्या-आष्ट्याकडचा माणूस तोंड उघडायला लागला की ते सुकुमारकडे बघायचे. त्या बघण्यावर सुकुमार जगत होता.

निकाल संपला. साहेबांनी कागद खाली ठेवले आणि मान हलवली. म्हणजे आता आरोपीला त्याच्या भाषेत सांगायचं. सुकुमार उठला. पिंजऱ्यात कृष्णात उभा होता, आष्ट्याजवळच्या वाडीचा, अंगानं रुंद, डोकं नुकतंच भादरलेलं. साहेब काय वाचतात ते त्याला कळत नव्हतं, म्हणून तो इतका वेळ साहेबांच्या तोंडाकडे न बघता पंख्याकडे बघत होता. आता त्यानं सुकुमारकडे तोंड वळवलं, शाळेतल्या पोरानं मास्तरांकडे बघावं तसं.

‘नानासोशी तुझं वैर होतं,’ सुकुमारनं सुरुवात केली. ‘त्या दिवशी तू ओढ्याच्या वाटेवर करंजाखाली दबा धरून बसला होतास, हे तुझ्या सख्ख्या बहिणीच्या जबानीवरून शाबीत झालं आहे. म्हणून हे कोर्ट तुला फाशीची–’

‘म्या असं कवा म्हनलं?’

मागच्या बाकावरून आवाज आला. साळूबाई, कृष्णातची बहीण, उभी राहिली होती. पदर खांद्यावरून घसरला होता आणि तिला त्याची शुद्ध नव्हती. ‘दबा म्हनून शबुद माज्या तोंडात आला न्हाई! वाट बगत बसलावता म्हनलं म्या. माजी! माजी वाट बगत बसलावता त्यो, आवं दादा, सांगा की सायबास्नी!’ दोन शिपाई तिच्याकडे धावले. साहेबांनी भुवया वर केल्या आणि सुकुमारला विचारलं, बाई काय म्हणतेय? सुकुमारनं तोंड उघडलं. मग त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, स्वच्छ, नम्र, कमावलेला: आरोपीची बहीण आहे, सर. दुःखानं बोलतेय. साहेबांनी समजुतीनं मान हलवली आणि ते उठले.

कोर्टातून घरी येताना राजवाड्यासमोरून तो कसा आला ते त्याला आठवेना. चणे-फुटाणेवाल्याची आरोळी, टांग्याच्या घोड्याचा घामट वास, अजिंक्यताऱ्यावर उतरलेलं पिवळं ऊन, हे सगळं त्याच्या अंगावरून चाललं होतं आणि आत तोच एक क्षण पुन्हा पुन्हा उघडत होता. निकालाचा नव्हे, जबानीचा, पंधरवड्यापूर्वीचा. सरकारी वकिलानं विचारलं होतं, तू ओढ्यावर आलीस तेव्हा आरोपी काय करत होता? आणि साळूबाई म्हणाली होती, ‘बसलावता जी करंजाखाली. वाट बगत.’ कुणाची, ते वकिलानं विचारलं नाही. तिनं सांगितलं नाही, कारण तिला ते सांगण्यासारखं वाटलंच नसणार. तिचा नवरा लढाईवर मिसरात, इजिप्तच्या आघाडीवर. ती माहेरी राहत होती, आणि आष्ट्याच्या बाजाराहून येताना डोक्यावर ओझं असलं की भाऊ ओढ्यापाशी घ्यायला येऊन बसायचा. गावात हे शेंबड्या पोराला ठाऊक होतं. पण त्या संध्याकाळी तिच्या आधी नानासो आला. नानासो पोलिसांना बातम्या पुरवायचा. भूमिगतांना भाकरी दिली म्हणून त्याच्याच सांगण्यावरून कृष्णातच्या म्हाताऱ्या बापाला चावडीत मारलं होतं. त्याला बघून कृष्णात उठला, शब्दानं शब्द वाढला, हातातली काठी बसली. साळूबाई पोचली तेव्हा नानासो पाण्याच्या कडेला पडलेला होता. म्हणजे सगळा खटला एवढ्यावर होता: कृष्णात कुणासाठी बसला होता.

आणि ते सुकुमारला त्याच क्षणी कळलं होतं. हेच त्याला सोसवेना. साहेबांना कळलं नाही, वकिलांच्या ध्यानात आलं नाही, पण त्याला कळलं होतं. ‘वाट बगत बसलावता’ हे शब्द ऐकताना त्याच्या डोळ्यांपुढे करंज आला नव्हता, कृष्णेचा काठ आला होता. तो सांगलीला शाळेत होता तेव्हा शनिवारी गावी यायचा, आणि नावेतून अर्ध्या पाण्यात आला की पलीकडे दगडावर त्याचे वडील, पायगोंडा, बसलेले दिसायचे. टोपी गुडघ्यावर काढून ठेवलेली. नाव टेकली तरी लगेच उठायचे नाहीत, जणू सहज बसले होते. घरी आई म्हणायची, ‘दुपारधरनं वाट बगत बसल्यात.’ तेच शब्द. तोच सूर. साळूबाईनं ते म्हटलं आणि सुकुमारच्या जिभेवर पहिला इंग्रजी शब्द आला तो साधाच होता, वेटिंग. तो आला होता. नक्की आला होता. पण अनवाणी आला होता, आणि साहेब लेखणी उचलून बघत होते, आणि त्याच दिवशी सकाळी आंघोळीचं पाणी तापेपर्यंत सुकुमारनं डिक्शनरीतून एक नवा शब्द घोकला होता. अँबस्केड: दबा धरून बसणं, वाटेत गाठण्यासाठी लपून राहणं. सकाळपासून तो तोंडात गुळासारखा विरघळत होता. झाड होतं, वाट होती, बसलेला माणूस होता. शब्द बसत होता. त्यानं तो बसवला. साहेबांची लेखणी क्षणभर थांबली, ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, आणि त्यांनी लिहून घेतलं.

हे शब्दांचं वेड काही आजचं नव्हतं. सांगलीच्या शाळेत पहिल्या दिवशी तो ‘हाय’ म्हणाला होता, ‘न्हाई’ म्हणाला होता, आणि वर्ग हसला होता. मास्तरही हसले होते. त्यानंतर तो जवळजवळ वर्षभर गप्प राहिला. मग त्याला शोध लागला की इंग्रजीत सगळेच परके आहेत. तिथं ब्राह्मणाच्या मुलालाही घोकावंच लागतं. तिथं जो जास्त घोकेल त्याचं घर. नुसतं घर नव्हे, माडी. सगळ्यांना येतात ते शब्द त्याला नकोसे झाले. कुणाला येत नाहीत ते हवे झाले. टॅसिटर्न म्हणजे अबोल. लॅक्रिमोज म्हणजे रडवेला. ऑबड्युरेट म्हणजे निबर काळजाचा. शेताच्या बांधावर, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत तो मनातल्या मनात ते उच्चारायचा, आणि एखादा शब्द पहिल्यांदा चारचौघांत वापरायला मिळाला आणि समोरच्याच्या डोळ्यांत तो क्षणभराचा गोंधळ दिसला, की त्या वर्गाचं हसणं थोडं लांब जायचं. कधी पुरतं गेलं नाही. म्हणून आणखी शब्द लागायचे.

त्याची बायको कस्तुरी दारातच उभी होती. जैनाचं घर, सूर्य मावळायच्या आत जेवण उरकायचं, म्हणून पान मांडलेलं होतं. त्यानं हातपाय धुतले, पाटावर बसला. तिनं फडक्यानं गाळलेलं पाणी तांब्यातून फुलपात्रात ओतलं. तो ती धार बघत राहिला. पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा जीव मरू नये म्हणून हे फडकं. तो पानावरून उठला.

‘काय झालं?’ कस्तुरीनं विचारलं. ‘कोर्टात काय झालं व्हय?’

त्यानं तिला सांगितलं. ती मिरजेकडची, चार इयत्ता शिकलेली. मध्ये एकदाही बोलली नाही. फक्त तो शब्द आला तेव्हा म्हणाली, ‘त्याचा अर्थ काय?’ त्यानं अर्थ सांगितला. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून त्याला वाटलं, हिनं रागवावं, ओरडावं.

‘आवं, पण वाट बघणं म्हणजे वाट बघणं,’ ती हळूच म्हणाली. ‘त्याला दुसरं काय म्हणायचं असतंय?’ आणि मग, पान झाकता झाकता, ‘उद्या जाऊन सांगा. लिहिलेलं खोडता येतंय की.’

लिहिलेलं खोडता येतं, या एवढ्या वाक्याला धरून तो उजाडेपर्यंत पडून राहिला. सकाळी तो आधी घाटगे वकिलांकडे गेला. कृष्णातची बाजू मांडायला सरकारनंच त्यांना नेमलं होतं. घाटगे ओसरीवर दाढी करत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. वस्तरा मध्येच थांबला आणि एका गालावरचा साबण वाळत गेला.

‘तुम्ही मराठी ऐकलं होतंत ना, वकीलसाहेब?’ सुकुमार म्हणाला. ‘ती काय म्हणाली ते तुम्ही ऐकलंत, मी काय म्हणालो तेही ऐकलंत. तुम्ही तेव्हा उठून का नाही उभे राहिलात?’

घाटगे आरशात बघत राहिले. ‘खरं सांगू?’ ते अखेर म्हणाले. ‘मला त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता. असेल काहीतरी बसण्याबिसण्याचा, असं वाटलं. साहेबानं मान डोलावली. भर कोर्टात उठून विचारू, की साहेब, या शब्दाचा अर्थ काय? मी, वकील?’ ते कडवट हसले. ‘तुमच्या तोंडून असे शब्द येतात तेव्हा आम्ही सगळे माना डोलावतो, मगदूम. तुम्हाला हेच हवं असतं ना?’

‘मग आता अर्ज करा. म्हणा की भाषांतर चुकलं.’

‘आणि साहेब विचारतील, तेव्हा का गप्प बसलात? मी काय सांगू?’ त्यांनी वस्तरा पुन्हा गालाला लावला. ‘चूक तुमची आहे. तुम्हीच जा. वरचे न्यायमूर्ती कागद तपासल्याशिवाय फाशी होत नाही. कागद अजून इथेच आहेत.’

साहेब बंगल्याच्या व्हरांड्यात गळाची दोरी सोडवत बसले होते. रविवारी ते माहुलीला मासे धरायला जात. सुकुमारला बघून ते प्रसन्न झाले. खुर्ची दिली, जी त्यांनी कधी कुणा कारकुनाला दिली नव्हती. सुकुमार खुर्चीच्या कडेवर बसला. वाटेत त्यानं वाक्य तयार केलं होतं, अगदी साधं. साहेब, तो बहिणीची वाट बघत होता, मी चुकीचा शब्द वापरला. पण साहेबांच्या निळ्या, मायाळू, वाट पाहणाऱ्या डोळ्यांपुढे ते वाक्य विरून गेलं, आणि वीस वर्षांची सवय आपोआप त्याच्या जिभेवर चढून बसली. जबानीच्या वेळी त्याच्या हातून एक इनॲडव्हर्टन्स घडला, असं तो म्हणाला; म्हणजे अनवधान. एक सॉलेसिझम, असं म्हणाला. म्हणजे भाषेतला प्रमाद. बोलताना त्याला स्वतःचा किळस येत होता आणि तरी शब्द एकामागून एक येत होते, कपडे घालून, बूट घालून.

साहेब मोठ्यानं हसले. ‘सॉलेसिझम! या जिल्ह्यात हा शब्द दुसऱ्या कुणाच्या तोंडून मला ऐकायला मिळणार नाही.’ मग त्यांचा आवाज मऊ झाला. ‘हे बघा मगदूम, पहिली फाशी असली की झोप लागत नाही. मलाही लागली नव्हती. त्याचं वैर होतं, हातात काठी होती, माणूस मेला. तो बसला होता हे खरं ना? मग त्याला काय म्हणायचं हा फार बारीक फरक आहे.’

‘साहेब, तो तिच्यासाठी बसला होता,’ सुकुमार कसाबसा म्हणाला. ‘नानासोसाठी नव्हे.’

‘हे ती जबानीत म्हणाली का?’

‘नाही. तिला कुणी विचारलं नाही.’

‘मग तुम्हाला कसं कळलं?’

आता काय सांगायचं? कृष्णेकाठचा दगड, गुडघ्यावरची टोपी? ‘मी त्याच बाजूचा आहे, साहेब,’ तो म्हणाला. ‘आमच्याकडे तसं म्हणतात तेव्हा आपल्या माणसाची वाट बघत असतात.’ साहेबांनी दोरी बाजूला ठेवली. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले, आणि त्या बघण्यातून ती जुनी पसंती निथळून चाललेली सुकुमारला दिसली. त्याला भयंकर एकटं वाटलं. या क्षणीसुद्धा, एका माणसाच्या गळ्यात दोर असताना, ही पसंती जातेय याचं आपल्याला दुःख होतंय, हे त्याला कळलं आणि त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. खिशातून त्यानं अर्ज काढून पुढे केला. हा कागदांबरोबर वर पाठवावा, साहेब. साहेबांनी तो वाचला. म्हणाले, शपथेवर खोटं सांगितल्याची ही कबुली आहे. नोकरी जाईल. कदाचित तुरुंगही. बायको आहे ना तुम्हाला? सुकुमारनं मान हलवली. साहेबांनी अर्ज ठेवून घेतला आणि पुन्हा गळाची दोरी हातात घेतली. त्याला जा म्हणाले नाहीत. तो आपणच उठला.

आठवड्याभरात त्याला कामावरून दूर केलं. साताऱ्याची खोली सोडून दोघं सांगलीला आली. कस्तुरीच्या भावाचं हळदीच्या पेठेत घर होतं. तिथं दिवसभर हळदीची धूळ उडायची, तिचा कडसर वास कपड्यांना, अंथरुणाला, भाताला यायचा. कस्तुरी भांडी घासायची, निवडायची, टिपायची, आणि मध्येच उठून येऊन सुकुमारपाशी नुसती बसायची. तो भिंतीला टेकून असायचा. शब्द जात नव्हते. तो त्यांना बोलावत नव्हता तरी ते यायचे, एकेक, आपापला अर्थ हातात घेऊन, आणि समोर उभे राहायचे. इर्रेव्होकेबल: परत न घेता येणारं. इनेक्झोरेबल: कितीही विनवलं तरी न द्रवणारं. ते त्याला घाबरवायला आलेले नव्हते, वाईट इतकंच की ते अगदी बरोबर होते. इतक्या वर्षांनी ते पहिल्यांदाच जागच्या जागी बसत होते. मग तो कस्तुरीला म्हणायचा, ‘काहीतरी बोल.’ आणि ती म्हणायची, ‘काय बोलू? वांगी चांगली आलीत आज बाजारात.’ तेवढ्यानं थोडा वेळ बरं वाटायचं.

एके दिवशी तिनंच विषय काढला. ‘त्या बाईला कुणी सांगितलंय का? तिला वाटत असणार, तिच्याच तोंडानं भाऊ गेला.’ हे त्याच्या मनात आलंच नव्हतं. इतके दिवस तो फक्त स्वतःच्या जिभेत अडकून पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आष्ट्याच्या मोटारीत बसला आणि तिथून वाडीपर्यंत चालत गेला. दोन्ही बाजूंना ऊस उभा होता, पानं एकमेकांवर घासत होती. ओढ्यापाशी तो थांबला नाही, खाली मान घालून पाण्यातून गेला.

साळूबाईचं घर दाखवताना विहिरीवरच्या बायकांनी तोंडं फिरवली. ‘भावाला खाल्लेली,’ एक जण म्हणाली, त्याला ऐकू जाईल अशी. साळूबाई अंगणात शेण कालवत होती. तिनं त्याला ओळखलं. हात तसेच घमेल्यात राहिले. तिचा बाप कोंडीबा पडवीत बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्या दिवसापासून तो पोरीशी बोलला नव्हता.

‘तुम्ही ते म्हणाला नव्हता,’ सुकुमार उभ्याउभ्याच म्हणाला. ‘तुम्ही बरोबर बोललात. मी उलटं करून सांगितलं. चूक माझी आहे.’

ती त्याच्याकडे बघत राहिली. शिव्या देईल, घमेलं फेकून मारेल, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर बरं असंही वाटलं. ती उठली, हात तसेच ठेवून पडवीकडे गेली आणि मागं वळून सुकुमारला म्हणाली, ‘आण्णा, एकडाव परत म्हना. मोठ्यांदा म्हना. म्हाताऱ्याला ऐकू कमी येतंय.’

सुकुमारनं पुन्हा सांगितलं. कोंडीबा हलला नाही. त्यानं आणखी मोठ्यानं सांगितलं, ओरडून, गळ्याच्या शिरा ताणून, आणि ओरडता ओरडता त्याच्या तोंडून ती भाषा आली जी त्यानं शाळेतल्या पहिल्या दिवसानंतर बाहेर काढली नव्हती. ‘आवं, तिनं न्हाई म्हनलं तसं! म्या म्हनलं! माजं चुकलं!’ बाहेर बायका येऊन थांबल्या होत्या. म्हातारा हळूहळू कुशीवर वळला.

‘चुकलं?’ तो म्हणाला. ‘मंग सायबाला सांगा की, चुकलं म्हनावं.’

‘सांगितलंय.’

‘मंग सोडत्यात न्हवं?’

म्हाताऱ्यानं सुकुमारच्या तोंडाकडे पाहिलं, मग पोरीकडे पाहिलं, आणि हात पुढे करून तिला जवळ बोलावलं. ती शेणाचे हात वर धरून बाजेपाशी खाली बसली आणि त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकून ओक्साबोक्शी रडायला लागली. तो तिच्या केसांवरून हात फिरवत होता. बाहेरची एक बाई आत आली, तिनं घमेलं उचलून बाजूला ठेवलं आणि साळूबाईसाठी पाण्याचा तांब्या भरून आणला. सुकुमार अंगणात उभा होता. त्याला बस कुणी म्हटलं नाही, जा पण कुणी म्हटलं नाही.

वरून उत्तर आलं ते घाटगे वकिलांनी स्वतः सांगलीला येऊन सांगितलं. शिक्षा कायम. अर्जाचा विचार झाला होता. पण निकालानंतर दुभाषाच्या मनावर परिणाम झालेला दिसतो, त्याच्या म्हणण्यावर विसंबता येत नाही, असा शेरा होता. त्याच कारणानं त्याच्यावर खटलाही भरायचा नाही असं ठरलं होतं. ‘सुटलात तुम्ही,’ घाटगे म्हणाले आणि लगेच त्यांनाच ते कसंतरी वाटलं. चहा न घेता ते गेले. सुकुमार हसायला लागला. कस्तुरी धावत आली, तिनं त्याचं डोकं छातीशी धरलं, तरी ते हसणं थांबेना. आजवर त्याच्या प्रत्येक शब्दावर साहेबलोकांनी विश्वास ठेवला होता. तो एकदा खरं बोलला होता, आणि ते त्यांना वेडाचं लक्षण वाटलं होतं.

शेवटच्या भेटीला साळूबाईनं त्याला बरोबर बोलावलं. कोंडीबाला उठवत नव्हतं, आणि जेलात कुणाशी काय बोलायचं ते तिला कळत नव्हतं. सुकुमार न जाण्यासाठी कारणं शोधत होता. कस्तुरीनं त्याचं धुतलेलं धोतर काढून ठेवलं. जेलर गोरा होता, तरुण, नवा, त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते. लढाईचे दिवस, राजकीय भानगडीतला कैदी. दोघं काय बोलतात ते आपल्याला कळलंच पाहिजे, असं तो म्हणाला. जेलचा दुभाषा त्या दिवशी रजेवर होता. बरोबर आलेल्या गृहस्थांना इंग्रजी येतं का? सुकुमारनं मागं वळून दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, येतं.

जाळीपलीकडे कृष्णातला आणलं. तो वाळला होता, पण डोळे स्वच्छ होते. साळूबाईनं जाळीत बोटं अडकवली.

‘ऊस तुटला का गं?’ कृष्णातनं विचारलं.

‘न्हाई अजून. फुडल्या म्हैन्यात म्हनत्यात.’

‘आबा जेवत्यात का?’

‘जेवत्यात. दोन घास.’

जेलरनं सुकुमारकडे पाहिलं. ऊस तुटला का असं तो विचारतोय, सुकुमार म्हणाला. ती म्हणते, अजून नाही. वडील जेवतात का असं विचारतोय. ती म्हणते, जेवतात. एवढंच. जेलरला वाटलं यात आणखी काही असेल, तो थांबला. आणखी काही नव्हतं. सुकुमारच्या लक्षात आलं की आपण एकही शब्द निवडत नाही आहोत. बहीण-भाऊ बोलत होती आणि ते त्याच्यातून पलीकडे जात होतं, तो मध्ये नसल्यासारखं. म्हैस व्यालीय. दाजींचं मिसराहून काही कळलं का. रडू नगं आक्का. तू पन जेवत जा. त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र सरळ चालला होता.

मग कृष्णातनं त्याच्याकडे तोंड वळवलं. ‘आण्णा, तुमी वाडीवर जाऊन सांगितलंसा म्हनं. आक्का म्हनली मघा. आबा तिच्याशी बोलाय लागल्यात, लय बरं झालं बगा.’ तो थोडा थांबला. ‘माज्या मागं तिला कुनी बोल लावला तर परत जावा. जाशीला न्हवं?’

‘जाईन,’ सुकुमार म्हणाला.

काय म्हणाला, जेलरनं विचारलं. सुकुमारनं तेही सांगितलं. जेलरनं नजर खाली घातली, खिशातून घड्याळ काढलं, बघितलं, परत ठेवलं. मग सुकुमारच्या कानाशी वाकून हळूच म्हणाला, त्यांना सांगा, वेळ संपली.

सुकुमार जाळीकडे वळला. तोंड उघडलं. जन्मभर गोळा केलेले सगळे शब्द, या भाषेतले आणि त्या, एकदम निघून गेले होते. ओठ हलत होते. कृष्णात त्या हलणाऱ्या ओठांकडे बघत राहिला, मग त्यानं जाळीतून आपला हात जेवढा जाईल तेवढा पुढे सरकवला.

‘ऱ्हाऊ द्या,’ तो म्हणाला. ‘सांगू नगासा. कळलं मला.’

आणि तो स्वतःच वळला. साळूबाई जाळीवर कोसळली. पहारेकरी मागून चालायला लागले. जेलरनं सुकुमारच्या खांद्याला हात लावून विचारलं, शेवटी तो काय म्हणाला?

‘ही अंडरस्टँड्स, सर,’ सुकुमार म्हणाला.